वाऱ्याआडची जागा

उट्रेख्त, १४ मे

प्रिय तांते हिस्के,

नाही, ते मला अजिबात पटलं नाही. ‘जाऊ दे’ म्हणे! खुब्याचं हाड मोडलंय, आत स्क्रू घातलेत, आणि तू ‘जाऊ दे’ म्हणून फोन ठेवून देतेस? तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारत होतं हे मान्य. पण फोन तू मुद्दाम ठेवलास, माहितीये मला. म्हणून आता पत्र. जन्मभर सायकलवरून लोकांच्या दारात पत्रं टाकलीस तू, स्वतःच्या दारात आलेलं न वाचता टाकणं तुला जमायचं नाही.

मला सगळं बाबांकडून तुकड्या-तुकड्यांत कळलंय, म्हणून नीट मांडते. चुकलं तर सांग. मेमधला पहिला रविवार. तू समुद्राच्या बांधावरच्या सायकलवाटेवर, समोरून भन्नाट वारा. मागून शर्यतीच्या सायकलवाल्यांचा घोळका आला आणि तुला धडकला. अँब्युलन्सवाल्यांना तू हेच सांगितलंस. बरोबर? आणि तुझ्या सख्ख्या भावानं, म्हणजे माझ्या थोर बाबांनी, काय केलं? तुझी सायकल उचलून आपल्या शेडमध्ये टाकली आणि वर कुलूप लावलं! याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला सुळी.

मी त्यांना म्हटलं, “बाबा, माझी आत्या बहात्तर वर्षांची आहे, सात नाही.”

तर म्हणतात, “सात वर्षांच्या पोरीला निदान ऐकू येतं!”

खूप भांडले मी. शेवटी एवढंच म्हणाले, की त्या वाटेवरून ते टोळभैरव जातात तोवर हिस्केला सायकल नाही. ठीक आहे! मग टोळभैरवच बंद करूया ना! तांते, मी स्वतः शर्यतीची सायकल चालवते, मला कळतं हे. अरे, साधे नियम आहेत. उजव्या बाजूनं जा, डावीकडून ओलांडा, ओलांडायच्या आधी घंटी वाजवा, म्हातारी माणसं आणि पोरं दिसली की स्पीड कमी करा. वाट काय एकट्याची आहे का? खरं सांगायचं तर माझ्याही सायकलला घंटी नव्हती. काल जाऊन लावून आले. मैत्रिणी खिदळल्या, “आता पुढे टोपली पण लाव, आणि त्यात मांजर बसव.” हसू देत.

मी सह्या गोळा करणार. वेस्टरवीरच्या साप्ताहिकात लिहिणार. गावसभेत बोलणार. बांधावर घोळक्यांना बंदी! मला फक्त एक सांग, ते होते कसे दिसायला? कपड्यांचा रंग, काहीही.

तुझी (पेटलेली)
मारित

*

वेस्टरवीर, २१ मे

मारित, पोरी,

पत्र मिळालं. तिकीट वाकडं लावलंस.

माझा पलंग पुढच्या खोलीत आणलाय. खिडकीतून बांध दिसतो. बांध दिसतो म्हणजे बांधच दिसतो, एक हिरवी भिंत. समुद्र, आभाळ, काय असेल ते सगळं तिच्या पलीकडे. मेंढ्या वर चढल्या की त्यांची पोटं दिसतात. सकाळी नर्स येते, मला कपड्यासारखी धुते आणि खुर्चीवर वाळत टाकून जाते. मग मी दुपारपर्यंत वाळते.

तुझा बाप दाउवे दर बुधवारी साखरपाव घेऊन येतो आणि मी बहिरी नसून मूर्ख असल्यासारखा बोलतो. “हिस्के, आता आराम!” आराम हा शब्द मी याआधी माझ्या सासऱ्याच्या अंत्ययात्रेत वाचला होता. फुलांच्या रिबिनीवर होता.

त्याच्या मनात मी शहरात फ्लॅट घ्यावा असं आहे. खाली दुकान, वर लिफ्ट. मी म्हटलं, मी इथेच बरी. तर म्हणाला, “इथे करणार काय तू? बस बंद झाली, दुकान पुढच्या गावात, सायकल तर नाही.” सायकल नाही असं म्हणताना त्याचा हात खिशावर गेला. किल्ली तिथे ठेवतो.

तू विचारलंस म्हणून सांगते. निळ्या पाठी होत्या. त्यावर पांढरा बगळा. बाकी काही आठवत नाही.

दाउवेनं मलाही शब्द दिलाय. घोळके बंद झाले की कुलूप उघडेल. तेव्हा तू कर तुझी सभा. पण कुणा एकाचं नाव घेऊ नकोस. वाटेबद्दल बोल, माणसाबद्दल नको.

तुझी
तांते हिस्के

*

उट्रेख्त, ५ जून

प्रिय तांते,

पांढरा बगळा!! तांते, तू ग्रेट आहेस. एवढ्या दुखण्यात तुला बगळा आठवला! एका दुपारीत क्लब सापडला. पुढच्याच गावातला निघाला.

आता बातम्या ऐक, बसून ऐक (हो, बसलेलीच आहेस, सॉरी). सह्यांचे कागद भरून वाहतायत. बेकरीवालीनं दोनदा सही केली, एकदा स्वतःची आणि एकदा कुत्र्याची. साप्ताहिकानं माझा लेख पहिल्या पानावर घेतला. २६ जूनला गावसभा आहे, आपला विषय सगळ्यात वर. आणि बाबा चक्क माझ्या बाजूनं आहेत! काल म्हणाले, “नियम झाला की त्याच दिवशी मी स्वतः सायकल आणून देईन.” तुझ्या सायकलचं पुढचं चाक पार आठाच्या आकड्यासारखं झालंय, त्याची नवीन ऑर्डरसुद्धा दिलीय त्यांनी. बघ, माणूस वाईट नाही, फक्त मोठ्यानं बोलतो.

आणि तो माणूस सापडला. येल्मर नाव त्याचं. तुझ्या अंगावर आला तो हाच, क्लबमधल्यांनीच सांगितलं. नाव मी नाही छापलं हां, साप्ताहिकवाल्यांनी छापलं. क्लबनं त्याला सांगितलंय, सभा होईपर्यंत निळा शर्ट घालून यायचं नाही. अजून मजा म्हणजे तो शाळेत मास्तर आहे, पोरांना सायकल-परीक्षेसाठी रस्त्यावर नेणारा तोच! पालकांनी आरडाओरडा केला, शाळेनं ते काम काढून घेतलं. बसला ना आता? म्हाताऱ्या बाईला उडवणारा माणूस पोरांना काय शिकवणार, डाव्या हाताची खूण?

शनिवारी मी त्याच्या घरी जाणारे. तुझ्या घरी येऊन, तुझ्या खुर्चीसमोर उभं राहून माफी मागितलीच पाहिजे त्यानं.

तुझी
मारित

*

वेस्टरवीर, ९ जून

मारित,

त्या मुलाकडे जाऊ नकोस.

कारण विचारू नकोस. नाव नको म्हणून मी लिहिलं होतं. तू म्हणशील तू छापलं नाहीस, पण वासरू मोकळं सोडून शेत कुणी खाल्लं विचारण्यातला प्रकार झाला हा. त्याचं शाळेचं काम गेलं हे तू फार आनंदानं लिहिलंस. मला ते वाचून जेवण गेलं नाही. वाटाण्याचं सूप होतं, ते नर्स प्यायली.

घरी बोलावण्याचीही गरज नाही. माफीबिफी नको मला. सभेत वाटेचं बोल आणि ये.

दाउवेला सांग, नवीन चाकाचे आरे जाड टाक म्हणावं. आमच्याकडचा वारा त्याला माहीत नाही, तो नेहमी गाडीतून येतो.

हिस्के

*

उट्रेख्त, १५ जून

तांते,

मी गेले.

तू नको म्हणालीस म्हणूनच गेले बहुतेक. तोंडपाठ भाषण करून गेले होते. त्यानं दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, “तुझ्या तांतेचा खुबा कसा आहे? पाय टेकवते का?” माझ्या भाषणाचं पहिलं वाक्यच पळालं. तरी मी बोलले, सगळं बोलले, नियम, घंटी, माणुसकी, सगळं. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि मग कॉफी करायला गेला. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात भिंतीला टांगलेली त्याची सायकल दिसली. आणि तांते, मी लहानपणापासून सायकली उघडून बघत आलेय. तिचं पुढचं चाक ठणठणीत होतं. मोडलं होतं ते मागचं. आरे तुटलेले, गिअरचा हूक वाकलेला.

मी विचारलं, “त्या दिवशीची हीच ना?”

“हो.”

“तू तिला मागून धडकलास, तर तुझं मागचं चाक कसं मोडलं?”

तो कॉफी ढवळत बसला. साखर घातलीच नव्हती.

मला एकदम बाबांची ऑर्डर आठवली. तुझं मोडलंय ते पुढचं चाक. “येल्मर, ती तुझ्या मागे होती का?”

“तिनं काय सांगितलंय?”

“तिनं सांगितलंय तुम्ही मागून आलात.”

“मग तसंच असेल.”

“तसंच असेल म्हणजे? पोरं तुला उत्तर द्यायला अशी कां-कूं करतात तेव्हा पास करतोस का? तोंडात खारट गोळी धरलीयस की काय? बोल ना!”

मग बोलला. हळूहळू बोलला. मार्चपासून तू दर रविवारी त्यांच्या मागे लागतेस म्हणे. समोरून वारा असला की त्यांचा स्पीड पडतो, तुझी बॅटरीची सायकल तेवढी पळते, आणि तू शेवटच्या माणसाच्या पाठीआड घुसतेस. शेवटचा म्हणजे तो. तुला वाटायचं कुणाला कळत नाही. तांते, त्याला पहिल्या रविवारीच कळलं होतं.

“कसं कळलं?”

“मेंढ्यांच्या फाटकावरून. आपल्याकडे फाटक शेवटच्यानं लावायचं असतं ना. तिथे पोचायच्या आधी ती लांब थांबायची, समुद्राकडे बघत असल्यासारखी. मी फाटक उघडंच ठेवून पुढे जायचो. मागे खडकन लागल्याचा आवाज यायचा. मग मी पुढच्यांना सांगायचो, पाय भरून आलाय, जरा दमानं घ्या. म्हणजे तिला गाठता यायचं.”

“आणि तुम्ही दोघं कधी बोलला नाहीत?”

“नाही. मी वळून पाहिलं असतं तर ती पुन्हा आली नसती असं वाटायचं.”

मी त्याची बिनसाखरेची कॉफी एका घोटात संपवली.

पुढचं ऐक. घोळक्यात पहिला माणूस अडथळा दिसला की पाठीमागे हात नेऊन खूण करतो, दुसरा तिसऱ्याला करतो, अशी ती खूण मागे-मागे येते. शेवटचा करत नाही, कारण त्याच्या मागे कुणी नसतं. येल्मर करायचा. दर वेळी. तुझ्यासाठी. त्या रविवारी वाटेवर कोकरू आलं. खूण त्याच्यापर्यंत पोचली, आणि त्याचा हात पाठीवरच्या खिशात होता. केळं काढत होता. त्यानं दुसऱ्या हातानं ब्रेक दाबला आणि तू त्याच्या मागच्या चाकावर गेलीस.

“एक केळं,” म्हणाला. “तेवढं थांबलं असतं ते.”

मी विचारलं, “हे साप्ताहिकवाल्यांना का नाही सांगितलंस? क्लबला? शाळेला?”

तर म्हणाला, “सांगून? मग तिच्या घरचे तिला सायकल परत देतील का?”

तांते, सह्यांचे कागद माझ्या टेबलावर आहेत. त्यांच्याकडे बघवत नाही. मला तुझा इतका राग आलाय, आणि तुला सायकल मिळाली नाही तर तू त्या खिडकीत कशी होशील हेही डोळ्यासमोरून जात नाही. मी सभेत खरं सांगितलं तर बाबा कुलूप उघडणार नाहीत. नाही सांगितलं तर मी त्या मुलाला उभा गाडणार, तेही माझ्या लेखानं. मी काय करू? लवकर लिही.

मारित

*

वेस्टरवीर, १९ जून

मारित,

तो ओळखून होता.

बाकीचं पत्र नंतर वाचलं. आधी हेच घेऊन बसले. मला वाटायचं मी फार हुशार. समुद्राकडे बघत उभी राहायचे, एकदा तर खोटंच चेन चढवली. आणि तो फाटक उघडं ठेवून जायचा. कुणी मला इतकं सांभाळून घेतलंय आणि मला पत्ता नाही, असं याआधी झालेलं नाही. मला लाज वाटली. मग बरंही वाटलं. मग पुन्हा लाज.

तू रागावलीस ते बरोबर आहे. पण ऐक. कानात हे यंत्र घातलं की वाऱ्याचा नुसता भोंगा वाजतो डोक्यात. काढलं तर जग मुकं. मार्चमध्ये एका रविवारी ते मला ओलांडून गेले. घंटी दिली, डावीकडून गेले, सगळं तुझ्या नियमाप्रमाणे. आणि त्यांच्यामागे काही क्षण भोंगा थांबला. दार लावावं तसा वारा थांबला. मला चेनचा आवाज आला. माझ्या सायकलच्या चेनचा, किती वर्षांनी! मी बटण दाबलं आणि पायडल मारलं. झालं.

आपल्याकडे कुणाच्या वाऱ्याआड गेलं की आवाज द्यायचा असतो, ‘आहे मी मागे.’ लहान पोरंसुद्धा देतात. मी दिला नाही. दिला असता तर कुणीतरी वळलं असतं, आणि त्याला म्हातारी दिसली असती. मग काळजी, मग ‘जपून हां’. तिथे मागे मी कुणाची बहीण नव्हते, कुणाची पेशंट नव्हते. एक सायकल होते.

खोटं का बोलले तेही सांगते. मी वाटेवर पडले होते, तो मुलगा त्याचं जाकीट माझ्या अंगावर घालत होता. मग अँब्युलन्स आली, दाउवे आला. वाकून म्हणाला, “हिस्के, काय केलंस तू?” काय झालं असं नाही विचारलं, काय केलंस असं विचारलं. त्या प्रश्नाला खरं उत्तर देऊन आजवर कुणाला सायकल परत मिळालीय?

आता बोलले तर कुलूप कायमचं. नाही बोलले तर तो मुलगा. रात्रंदिवस या दोन भिंतींमध्ये बसलेय, आणि तिसरी ती खिडकीतली. कुठे फट असेल तर तू शोध, तुझे डोळे तरुण आहेत.

सभेला मला घेऊन जा. दाउवेला सांग, तिला न्याय होताना बघायचाय. काय बोलेन मलाच ठाऊक नाही. तू मात्र काही बोलू नकोस. तुला जमणार नाही, तरी सांगते.

हिस्के

*

उट्रेख्त, ३ जुलै

प्रिय तांते,

एक आठवडा झाला तरी माझ्या डोक्यात तेच चाललंय. अध्यक्षांनी विचारलं, “बाई, घोळका तुम्हाला कसा धडकला ते सांगाल का?” आणि तू चाकाच्या खुर्चीतून, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, “मीच धडकले” म्हणालीस. यंत्र बंद होतं ना तुझं? म्हणून ओरडलीस. बाबांच्या हातातला कप बशीत वाजला, तो तुला ऐकू आला नसेल. मला आला.

मग तू ते फाटक, ते कोकरू, सगळं सांगितलंस. मागून तो जाडा शेतकरी म्हणाला, “पंचवीसच्या स्पीडनं? आमच्या हिला दुकानापर्यंत दामटवत न्यावं लागतं!” आणि सगळे हसले. तू हसली नाहीस. तू येल्मरला शोधत होतीस, तो दारापाशी उभा होता, पण तू त्याला तोंडावरून ओळखत नव्हतीस. मला ते बघून रडूच आलं.

बंदी बारगळली, हे तुला माहितीये. शाळेनं त्याला पोरं परत दिली, हे माहीत नसेल. सप्टेंबरपासून. क्लबनं शर्टही दिला. साप्ताहिकात मी माफी लिहिली, ती त्यांनी सातव्या पानावर, मेंढ्यांच्या औषधाच्या जाहिरातीखाली छापली.

आता बाबा. मला वाटलं होतं, सगळ्यांसमोर खरं बोललीस म्हणून विरघळतील. घरी आल्यावर त्यांनी सायकलवाल्याला फोन केला आणि पुढच्या चाकाची ऑर्डर रद्द केली.

मी म्हटलं, “बाबा, तिनं खोटं बोलून सायकल मिळवली असती! ती खरं बोलली!”

“म्हणूनच,” म्हणाले. “आता मला कळलंय ती काय करते.”

“तुम्ही तिला शिक्षा देताय.”

“मी तिला जिवंत ठेवतोय. तुझ्यासारख्या टाळ्या वाजवणाऱ्यांना काय जातंय? रात्री फोन मला येतो.”

तांते, त्यांचे डोळे लाल होते गं. तू त्यांच्याशी बोल ना. किंवा त्यांना लिही. किंवा मला तरी लिही, प्लीज.

मारित

*

वेस्टरवीर, २८ सप्टेंबर

मारित, पोरी,

उन्हाळाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही झालं नाही. खुर्चीपासून दारापर्यंत चालते. मग दारापासून खुर्चीपर्यंत चालते. येताना चढ लागत नाही एवढाच फायदा. डॉक्टर म्हणाला, आता सायकल चालेल. दाउवे म्हणाला, डॉक्टरला म्हणू दे.

दाउवेवर मी रागावलेली नाही. तुला वाटेल म्हातारपणी मऊ झाले. तसं नाही. बुधवारी येतो, पाव कापतो, बसतो. पूर्वीसारखा ओरडत नाही. एकदा म्हणाला, “हिस्के, तू तिथे वाटेवर पडलीस तेव्हा मला आधी कळलंच नाही ती तू आहेस. कपड्यांचं बोचकं वाटलं.” आणि पुन्हा पाव कापायला लागला. त्याचं कुलूप माझ्या सायकलला नाही, त्या बोचक्याला आहे. ते मी कुठल्या किल्लीनं उघडू?

गेल्या रविवारी येल्मर आला. समोरून नीट पाहिला पहिल्यांदा. नाक बरंच मोठं आहे. पाठीवरून अंदाज आला नव्हता. दारातच म्हणाला, “केळ्याबद्दल सॉरी.” मी म्हटलं, “आवाज न दिल्याबद्दल सॉरी.” मग आम्ही दोघंही अंगणाकडे बघत उभे राहिलो, कारण बोलायची सवय नाही ना एकमेकांशी.

अंगणात एक सायकल उभी होती. दोघांची, एकामागे एक बसायची. क्लबनं कुठूनशी आणून रंगवलीय. पुढे तो, मागे मी, दर रविवारी दहा वाजता, घोळक्याच्या शेवटी. आणि ऐक, दाउवे हो म्हणालाय. आधी मला खरंच वाटेना. तो सायकलभोवती दोनदा फिरला, मागचं हँडल हलवून बघितलं आणि म्हणाला, “ही चालेल.” का चालेल ते मला बसल्यावर कळलं. मागचं हँडल नुसतं धरायला आहे. वळवलं तरी काही वळत नाही. ब्रेक पुढे, गिअर पुढे. माझ्याकडे पायडल, आणि येल्मरनं मला वाईट वाटू नये म्हणून लावून दिलेली एक घंटी.

अंगणात त्यानं मला एक चक्कर मारून आणली. वारा होता, पण त्याच्या पाठीमागे लागला नाही. कानात चेनचा आवाज आला. म्हणजे मला जे हवं होतं ते सगळं आहे. दुकान आहे, बांध आहे, खिडकीच्या पलीकडचं आभाळ आहे. शेजारीण टाळ्या वाजवत होती. दाउवेनं फोटो काढला.

आणि मला उतरावंसं वाटत होतं, पण त्यांनी मला उतरवून घेईपर्यंत उतरता आलं नाही.

तुझ्याशिवाय कुणाला सांगू? सांगितलं तर म्हणतील, म्हातारीचे नखरे बघा, एवढं केलं पोरानं. खरंच एवढं केलंय. त्याचं मन मोडायचं माझ्या जिवावर येतं. पण मार्चमध्ये मी त्यांच्यामागे जायचे ना, तेव्हा दमले, किंवा कंटाळले, किंवा समुद्रावर काही दिसलं, की मी पायडल सोडायचे. ते पुढे जायचे, मी मागे राहायचे. वारा परत यायचा, भोंगा परत वाजायचा, आणि मी एकटी, माझ्या मनानं, हळूहळू घरी यायचे. या सायकलवर मागे राहता येत नाही.

नाही म्हटलं तर मेंढ्यांची पोटं. हो म्हटलं तर दर रविवारी त्याची पाठ, आणि हातात न वळणारं हँडल. रविवारी दहाला ते दारात येणार आहेत. तू दोन्ही बाजूंनी सायकल चालवलीयस, पुढूनही आणि मागूनही, आणि तुझ्याकडे नेहमी मत असतं. या वेळी खरंच हवंय. तूच सांग, बसू का मी तिच्यावर?

हिस्के